गुप्त टॅब आणि मोठ्याने सांगितलेला ओटीपी

ब्राउझर म्हणजे संगणकावर किंवा मोबाइलवर संकेतस्थळे उघडून दाखवणारी आज्ञावली, आणि खासगीपणा जपणारा ब्राउझर म्हणजे हे काम करताना वापरणाऱ्याने काय पाहिले, किती वेळ पाहिले व तेथून तो कुठे गेला याची चहाडी तिऱ्हाइताकडे न करणारी आज्ञावली, एवढी व्याख्या या विवेचनापुरती पुरेशी आहे. या विषयावर जगभर जे लेखन होते, त्यात एक गृहीतक इतके खोल रुतलेले असते की ते कोणी शब्दांत मांडण्याची तसदीही घेत नाही: एक माणूस, त्याचा स्वतःचा एक संगणक, दार बंद होणारी एक खोली आणि दूर कॅलिफोर्नियात बसून त्याच्यावर डोळा ठेवणारी एक कंपनी. वाशीम जिल्ह्यात या चारांपैकी कंपनी तेवढी जशीच्या तशी सापडते. उरलेल्या तिन्ही गोष्टींची जुळवाजुळव करता करता अभ्यासकाच्या नाकी नऊ येतात.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा काढण्यात आला आणि वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे सहा तालुके त्याच्या वाट्याला आले. सोयाबीन आणि तूर यांवर ज्याचे वर्ष उभे राहते किंवा आडवे होते अशा या जिल्ह्यातील सर्वसाधारण खातेदाराचा ब्राउझरशी जो संबंध येतो, तो बहुधा दुसऱ्याच्या हाताने येतो. सातबारा काढायचा, पीक विमा भरायचा, फार्मर आयडी तयार करायचा, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा किंवा उत्पन्नाचा दाखला मागायचा, तर तो ‘आपले सरकार’ सेवा केंद्राची पायरी चढतो. तेथे संगणक केंद्रचालकाचा असतो, माहिती खातेदाराची असते, ईमेल पत्ता केंद्रचालकाच्या भाच्याने मागे कधीतरी तयार करून दिलेला असतो आणि तो कोणाच्याच लक्षात नसतो, मोबाइल क्रमांक घरातील ज्याचा रिचार्ज चालू असेल त्याचा असतो, आणि ते सिमकार्ड पुण्याच्या बाजूला कंपनीत लागलेल्या मुलाच्या खिशात असते. शास्त्रात ज्याला ‘वापरकर्ता’ असे एकवचनी नाव आहे, ती वाशीम जिल्ह्यात एक समिती असून गणपूर्ती झाल्याशिवाय तिच्यासमोरील ब्राउझर पुढे सरकत नाही.

या समितीचे कामकाज जवळून पाहण्याजोगे असते. ओटीपी म्हणजे एकदाच वापरायचा परवलीचा क्रमांक. तो ज्याचा त्याला कळावा आणि अन्य कोणाला कळू नये, एवढ्यासाठीच त्याचा जन्म आहे, आणि संदेशात तो कोणाला सांगू नका अशी तंबीही लिहिलेली असते. केंद्रचालक मान वर न करता विचारतो, “भाऊ, ओटीपी आला काय?” खातेदार सांगतो, “पोराले आला असन, फोन लावतो.” फोन लागतो, स्पीकरवर टाकला जातो, पलीकडे कारखान्यातील यंत्रांचा खडखडाट असतो, म्हणून बाप ओरडून सांगतो, “जोऱ्यानं सांग रे, आवाज नाही येऊन राह्यला!” मुलगा सहा आकडे ओरडतो, बाप ते केंद्रचालकासाठी पुन्हा ओरडतो, केंद्रचालक टाइप करताना तिसऱ्यांदा पुटपुटतो, आणि रांगेत मागे उभा असलेला, या व्यवहाराशी काडीचा संबंध नसलेला गृहस्थ दुरुस्ती सुचवतो, “पाच नाही, नऊ म्हनला तो.” दुरुस्ती बरोबर निघते. २०२५ साली लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी लाभार्थी महिलेबरोबर तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवरील ओटीपीही लागू लागला, तेव्हा या गजरात दुसरा स्वर मिळाला एवढेच.

अशा ठिकाणी खासगी ब्राउझरची शिफारस करू जाणाऱ्याने आधी त्या ब्राउझरला नेमके कोणापासून लपवायचे आहे हे स्पष्ट करणे इष्ट, कारण लपवण्याच्या प्रत्येक साधनाचा शत्रू वेगळा असतो आणि चुकीच्या शत्रूसाठी घेतलेले साधन घरात केवळ अडगळ करते. या घोटाळ्याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे क्रोममधील गुप्त टॅब, ज्याचे चिन्ह टोपी आणि चष्मा असे असून त्या वेषात एखादा इसम भर मे महिन्यात रिसोडच्या एसटी स्थानकावर उतरला, तर संध्याकाळपर्यंत तो कोणाचा कोण हे तालुक्याला ठाऊक होईल. गुप्त टॅब त्याच संगणकावर इतिहास ठेवत नाही आणि खिडकी बंद होताच लॉगिन विसरतो. यापलीकडे तो फारसे काही करत नाही. संकेतस्थळापासून, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपासून आणि जाहिरातवाल्यांपासून तो फारसे काही लपवून ठेवत नाही. तरीही गुप्त म्हणजे सर्वांपासून गुप्त असा समज इतका पसरला की अमेरिकेत २०२० साली काही वापरकर्त्यांनी गुगलवर दावा लावला, आणि २०२४ साली झालेल्या तडजोडीत गुगलने अशा ‘गुप्त’ वापराच्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. ज्या नोंदी नसतील असे लोक समजत होते, त्या नष्ट करण्यासाठी आधी त्या असाव्या लागतात, हा या तडजोडीतील बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे.

विनोदाचा भाग असा की गुप्त टॅब ज्या एकाच कामात खरोखर पटाईत आहे, म्हणजे एकाच यंत्रावर एकामागून एक बसणाऱ्या माणसांची माहिती एकमेकांत मिसळू न देणे, त्या कामाची निकड सेवा केंद्राइतकी अन्यत्र क्वचितच असेल, आणि तेथेच तो कोणी उघडत नाही. त्याचे कारण आळस नव्हे. गुप्त खिडकीत लॉगिन दर वेळी नव्याने करावे लागते आणि मागच्या वेळी कामी आलेले काहीच आयते मिळत नाही, आणि बाहेर तर विमा भरण्याच्या शेवटच्या तारखेची रांग लागलेली असते. याउलट ज्या तरुणाच्या हातात स्वतःचा, कुलूपबंद, इतर कोणीही हाताळत नसलेला मोबाइल असतो, तो मात्र दार लावून, आवाज बंद करून, गुप्त टॅबच उघडतो आणि ज्याच्यापासून लपायचे त्याच गुगलच्या खात्यात त्या टॅबमधून लॉगिन करतो.

नोंद नेमकी कशी होते, याचाही थोडा खुलासा आवश्यक आहे. कुकी म्हणजे संकेतस्थळाने वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली लहानशी चिठ्ठी. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली याने ती योजली, ती ऑनलाइन दुकानाला गिऱ्हाइकाची टोपली लक्षात राहावी अशा निरुपद्रवी हेतूने. पुढे तिऱ्हाइताची कुकी निघाली. एका संकेतस्थळावर बातमी वाचावी, दुसऱ्यावर तणनाशकाचा भाव पाहावा, तिसऱ्यावर गुडघेदुखीचा उपाय शोधावा, आणि या तिन्ही ठिकाणी एकाच जाहिरात कंपनीची चिठ्ठी वाचली जावी, अशी ही व्यवस्था आहे. पंचक्रोशीतील प्रत्येक लग्नात पंगतीला असणारा, पण वराकडचा की वधूकडचा हे दोन्हीकडच्यांना सांगता न येणारा जो लांबचा मामा असतो आणि जो या मांडवातील कुजबुज पुढच्या मांडवात बिनचूक पोहोचवतो, त्याचेच काम ही कुकी करते. मामा निदान आहेर तरी करतो. या मामाला दोन वर्षांत मांडवाबाहेर काढू, असे गुगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले, मग मुदतवाढ घेतली, पुन्हा घेतली, आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. फायरफॉक्स आणि ॲपलचा सफारी यांनी मात्र हा बंदोबस्त बराच आधी आपणहून केला होता, ही गोष्ट पर्याय शोधणाऱ्याने टिपून ठेवावी.

आपल्या हद्दीत कोणी शिरू नये असे लिहून ठेवण्याची परंपरा वाशीमला नवी नाही. हेच प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याच शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा वाशीम ताम्रपट अभ्यासकांना सुपरिचित आहे. वाकाटकांच्या दानपत्रांत दान दिलेल्या गावाला मिळणाऱ्या सवलतींची जी यादी येते, ती आजच्या कोणत्याही गोपनीयता धोरणापेक्षा सुस्पष्ट आहे: गावात राजाच्या शिपायांनी शिरू नये, फुले आणि दूध फुकट उचलू नये, दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांनी गवत, बसण्यासाठी चामडे आणि कोळसा मागू नये. म्हणजे कोण येणार, काय उचलणार आणि काय उचलू द्यायचे नाही, हे सर्व वस्तुवार लिहिलेले, शिवाय मोडणाऱ्याला दंडाची धमकी आणि परलोकातील परिणामांची जाणीव. याच धर्तीवर ब्राउझरमध्ये ‘माझा माग काढू नका’ असा एक पर्याय आला. फायरफॉक्सने तो २०११ साली सुरू केला आणि त्यावर खूण केली की प्रत्येक संकेतस्थळाला तशी विनंती जाऊ लागली. विनंतीमागे ना राजा होता, ना दंड, ना नरक. बहुतेक संकेतस्थळांनी ती वाचलीसुद्धा नाही; तिचे प्रमाणीकरण करणारा गट २०१९ च्या जानेवारीत गुंडाळला गेला, आणि त्याच वर्षी ॲपलने सफारीतून हा पर्याय काढला, कारण ‘माझा माग काढू नका’ अशी खूण करणारे लोक थोडे असल्यामुळे त्या खुणेवरूनच त्यांचा माग काढणे सोपे जाण्याची भीती होती. फायरफॉक्सने २०२५ च्या सुरुवातीला तो काढला. तांब्यावर लिहिलेले सोळाशे वर्षे टिकले आणि हे चौदा वर्षेही टिकले नाही, ही तुलना कदाचित अन्यायाची ठरेल, तरी मोहक आहे.

आता प्रत्यक्ष पर्यायांकडे वळता येईल. पर्यायी ब्राउझरची निवड करणारा माणूस एका कंपनीच्या पाळतीला विटून बाहेर पडतो आणि लवकरच त्याच्या असे लक्षात येते की बाहेरचा रस्ताही फिरून त्याच वाड्याच्या मागच्या दाराशी येतो. फायरफॉक्स बनवणारी मोझिला ही ना-नफा तत्त्वावरची संस्था. तिच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा गुगलला मूळ शोधयंत्र म्हणून ठेवण्याबद्दल गुगलकडूनच येतो. ब्रेव्ह हा जाहिराती अडवणारा ब्राउझर २०१५ साली स्थापन झालेल्या कंपनीचा, तिचा एक संस्थापक ब्रेंडन आइक. २०२० साली असे उघडकीस आले की वापरणाऱ्याने आभासी चलनाच्या काही बाजारांचा पत्ता टाइप केला की हा ब्राउझर त्याला स्वतःच्या दलालीचा संकेतांक आपणहून जोडून देतो. कंपनीने माफी मागितली आणि ते बंद केले. डकडकगो या शोधयंत्राच्या मोबाइल ब्राउझरने इतरांचे माग काढणारे तुकडे अडवले, पण मायक्रोसॉफ्टचे काही तुकडे कराराप्रमाणे जाऊ दिले, हे २०२२ मध्ये बाहेर आले, आणि त्याच वर्षी तेही सुधारले गेले. नॉर्वेच्या ऑपेराचा ब्राउझर-व्यवसाय २०१६ साली चिनी गुंतवणूकदारांच्या गटाने घेतला. ऑपेराच्या एका संस्थापकाने काढलेला विवाल्डी त्याच वर्षी पूर्ण रूपात बाजारात आला. ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी आणि मायक्रोसॉफ्टचा एज हे सगळे क्रोमियम नावाच्या मूळ सांगाड्यावर उभे आहेत, आणि क्रोमियमची देखभाल प्रामुख्याने गुगल करते.

देशी पर्यायांचाही उल्लेख केला पाहिजे, नाही तर पक्षपाताचा आरोप येईल. बंगळूरच्या एका कंपनीने २०१० साली एपिक नावाचा ब्राउझर काढला, त्यात भारतीय भाषांत लिहिण्याची सोय आणि भारतीय चित्रांची सजावट होती. २०१३ मध्ये ती सजावट उतरवून तोच ब्राउझर खासगीपणाचा पुरस्कर्ता म्हणून पुन्हा अवतरला. झोहो कंपनीचा उला २०२३ साली आला, आणि केंद्र सरकारने भारतीय ब्राउझर घडवण्यासाठी घेतलेल्या स्पर्धेत मार्च २०२५ मध्ये त्याला पहिले, एक कोटी रुपयांचे पारितोषिक मिळाले. उलाचाही सांगाडा क्रोमियमच. घर स्वतंत्र, चूल स्वतंत्र, फक्त सातबारा एकत्र, ही स्थिती ज्या जिल्ह्यात अर्ध्या दिवाणी दाव्यांना जन्म देत असावी, त्या जिल्ह्याला हे प्रकरण समजावून सांगावे लागू नये.

कुकी अडवली म्हणजे सुटका झाली असे मानणाऱ्यासाठी ठसेघेणी नावाचा पुढचा प्रकार तयार असतो. यात ब्राउझरमध्ये काहीही ठेवले जात नाही. पडद्याचा आकार, भाषा, ग्राफिक्स कार्ड, वेळेचा पट्टा आणि संगणकावर बसवलेले फॉन्ट अशा साध्या साध्या गोष्टी विचारून त्यांच्या मिश्रणातून त्या यंत्राची ओळख पटवली जाते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०१० साली केलेल्या चाचणीत तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के ब्राउझर असे एकमेवाद्वितीय निघाले. वाशीम जिल्ह्यातील सेवा केंद्राचा संगणक या शास्त्राच्या दृष्टीने आदर्श नमुना मानावा लागेल, कारण बहुधा त्याच संगणकावर लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि दशक्रियेची पत्रेही तयार होतात, आणि त्यासाठी कृतिदेव, शिवाजी, किरण, श्रीलिपी यांच्या कुळातील फॉन्टांचा जो साठा वर्षानुवर्षे पेनड्राइव्हमधून येऊन साचलेला असतो, त्याची हुबेहूब दुसरी प्रत त्रिखंडात मिळणे कठीण. केंद्रचालकाने कोणताही ब्राउझर बसवावा आणि सगळ्या कुक्या पुसाव्यात. ‘श्री गणेशाय नमः’ वळणदार काढण्यासाठी घेतलेला एखादा दुर्मीळ फॉन्ट त्याची ओळख पटवून देण्यास समर्थ आहे.

यावर जो उपाय निघाला तो टॉर ब्राउझर. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात मूळ धरलेल्या तंत्रावर तो आधारलेला असून त्यात प्रत्येक मागणी तीन वेगवेगळ्या ठिकाणांवरून, प्रत्येक टप्प्यावर एक एक आवरण उतरत, पुढे जाते. शिवाय तो सर्व वापरकर्त्यांना शक्य तितके एकसारखे दाखवतो, इतके की खिडकी वाटेल तशी मोठी केली तर पडद्याच्या मापावरून ओळख पटेल म्हणून तो पानाभोवती रिकामी चौकट ठेवून माप ठरावीक पायऱ्यांत बसवतो. तत्त्व निर्दोष आहे: गर्दीत मिसळा. अडचण गर्दीची आहे. २०१३ च्या डिसेंबरात हार्वर्ड विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने परीक्षा टळावी म्हणून टॉरमधून बाँबची खोटी धमकी पाठवली. टॉर कोठेही फुटला नाही, परंतु विद्यापीठाच्या वाय-फायवर त्या वेळी टॉरला जोडले गेलेले लोक मोजकेच होते आणि त्यांची विचारपूस करणे तपास यंत्रणेला जड गेले नाही. हार्वर्डमध्ये जिथे ही कथा, तिथे मानोऱ्यात एका वेळी टॉर चालू करणारे किती निघतील याचा अंदाज ज्याने त्याने करावा. आणि त्यातला एक जण ते चालू केल्याचे चित्र व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ठेवणार नाही याची हमी कोणी द्यावी?

खरे तर जिल्ह्याला एक नैसर्गिक संरक्षण आधीपासूनच लाभलेले आहे. मोबाइल कंपन्या पुष्कळदा हजारो ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे उभे करतात, आणि तो पत्ता अनेकदा मुंबई किंवा नागपूर असा दिसतो. परिणामी शेलू बाजारच्या शेतकऱ्याला ठाण्यातील तीन खोल्यांच्या सदनिकेची, खाडीच्या दृश्यासह, जाहिरात दिसत राहते. पाळत ठेवणाऱ्यांच्या हाती आलेली माहिती अशी असेल, तर त्यांच्याबद्दल काही वेळा सहानुभूतीच वाटू लागते.

मात्र या विषयातील सर्वांत पेचदार गाठ आधारच्या पडताळणीसाठी लावायच्या अंगठ्याशी येते. बोटाचा ठसा घेणारे यंत्र संगणकाला जोडलेले असते, त्याच्याशी बोलणारी एक छोटी आज्ञावली त्याच संगणकावर पार्श्वभूमीला चालू असते, आणि अनेक सरकारी पाने संगणकाच्या त्या अंतर्गत पत्त्यावर हाक मारून ‘ठसा घे’ असे सांगतात. आता बाहेरच्या पानाने वापरणाऱ्याच्या संगणकाच्या आत हाका माराव्यात, हे खासगीपणाच्या शास्त्रात मोठे संशयास्पद वर्तन समजले जाते, आणि ते योग्यही आहे. २०२० साली ईबेसारखे मोठे संकेतस्थळ पाहुण्यांच्या संगणकातील अशी दारे ठोठावून पाहते असे आढळून आले होते. म्हणून ब्रेव्हसारख्या ब्राउझरांनी अशा हाकांवर निर्बंध घातले. याचा अर्थ असा की ब्राउझर जितका खासगीपणा जपणारा, तितका अंगठा न लागण्याचा संभव अधिक. ज्याचा अंगठा आयुष्यभर वखर, विळा आणि कासरा धरून धरून आधीच गुळगुळीत झालेला आहे, बोट धोतराला तीनदा पुसून, फुंकर मारून, दाबून, कलते करूनही ज्याचा ठसा यंत्र नाकारत आहे, त्याच्या पुढ्यात ब्राउझरनेही तत्त्वाचा प्रश्न उपस्थित करावा, हे कोणत्याही केंद्रचालकाला परवडणारे नाही. “अंगठा लागून नाही राह्यला,” हे वाक्य कानी पडताच तो खासगी ब्राउझर बंद करून क्रोम उघडतो. या कृतीला अज्ञान म्हणणाऱ्या लेखकांनी पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला एक दुपार त्या खुर्चीत काढावी.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि तो खटला ज्या वादातून उभा राहिला तो वाद आधारचाच होता, हे येथे ओघाने आठवते.

मोबाइलच्या बाबतीत निवडीचा प्रश्न इतका गुंतागुंतीचा नाही, कारण तेथे निवड बहुधा आधीच झालेली असते. अँड्रॉइड फोनबरोबर क्रोम आलेला असतो, आणि या बांधाबांधीसह एकूण वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याआधीच्या काळात मंद इंटरनेटवर भराभर चालणारा यूसी ब्राउझर देशभर मोठा लोकप्रिय होता. तो वापरणाऱ्याची माहिती पुरेशा संरक्षणाशिवाय बाहेर पाठवतो असा अहवाल टोरंटोच्या सिटिझन लॅबने २०१५ सालीच दिला होता, पण त्याने कोणाचे बोटही हलले नाही. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली, त्यात हा ब्राउझर होता, आणि कोट्यवधी लोकांनी एक पाळतखोर ब्राउझर सोडला. खासगीपणाच्या चळवळीला जे पाच वर्षांत साधले नाही ते सीमेवरील तणावाने एका रात्रीत साधले. दुसऱ्या दिवशी ते सगळे क्रोमवर आले.

मग वाशीम जिल्ह्यातील माणसाला लपवायचे काहीच नसते काय? असते, आणि पुष्कळ असते. कोणत्या बँकेचे कर्ज थकले, मुलीसाठी पाहिलेल्या स्थळाच्या घरी शेती किती आणि त्यावर बोजा किती, आजाराचे नाव काय, सोयाबीन कधी विकणार. ही गुपिते कॅलिफोर्नियाला समजल्याने फारसे बिघडत नाही, शेजारच्या वाड्यात समजल्याने बिघडते. ज्या फोनवर दिवसा आजोबा, संध्याकाळी सून आणि रात्री नातू बसतो, त्या फोनवरील यूट्यूबच्या शिफारशी हेच कुटुंबाचे खुले वृत्तपत्र असते, आणि आजोबांना अचानक मूळव्याधीवरच्या चित्रफिती दिसू लागल्या की घरात चौकशी आजोबांचीच होईल असे नाही. अशा घरासाठी सांगायचे तर फायरफॉक्स, त्यात जाहिराती अडवणारे यूब्लॉक ओरिजिन हे जोडसाधन, आणि नाजूक शोध संपल्यावर बंद केलेली खासगी खिडकी, एवढ्याने बरेच भागते. फायरफॉक्स मराठीतही मिळतो, आणि ते जोडसाधन त्यावर आजही पूर्ण ताकदीने चालते, जे क्रोमवर २०२५ पर्यंत बंद पाडले गेले. टॉर हा ज्याच्यामागे खरोखर कोणी लागले आहे अशा पत्रकाराचा किंवा तक्रारदाराचा ब्राउझर आहे. पंचायत समितीच्या निवडणुकीत कोण कोणाला फुटले हे शोधण्यासाठी त्याची गरज नसते, ते चहाच्या टपरीवर आधीच उपलब्ध असते.

सेवा केंद्रात तर पर्यायी ब्राउझर केव्हाच पोहोचले आहेत, केवळ कारणे वेगळी आहेत. डिजिटल स्वाक्षरीच्या डोंगलसाठी जुने पान उघडायचे म्हणून एज, कारण त्यात २०२२ साली निवृत्त झालेल्या इंटरनेट एक्सप्लोररचे सोंग घेण्याची सोय आहे. एखादे पान क्रोमवर कोरे दिसते म्हणून फायरफॉक्स. आणि बाकी सगळ्यासाठी क्रोम, ज्याने ‘पासवर्ड जतन करायचा का’ असे विचारले असता केंद्रचालकाने सौजन्याने दर वेळी होकार दिलेला आहे, त्यामुळे नाव टाकण्याच्या रकान्यात पहिले अक्षर टाकताच अर्ध्या गावाची यादी खाली उघडते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची मुभा नागरिकाला मिळायची आहे. ती सूचना पडद्यावर येते तेव्हा केंद्रचालकाचे बोट आधीच ‘मान्य’वर असते आणि रांगेतून आवाज येतो, “दाबा ना भाऊ, लाइन जाईन मंग.”

आणि लाइन जाते. यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच संपलेली असते, त्यामुळे तिन्ही ब्राउझर, सगळी लॉगिने, अर्धवट भरलेले अर्ज आणि उघडी पाने एका क्षणात, कोणताही भेदभाव न करता, नाहीशी होतात. अर्ध्या तासाने लाइन येते, संगणक घरघरत सुरू होतो, क्रोम उघडतो आणि नीट बंद झाला नव्हता याची खंत व्यक्त करून विचारतो की आधीची पाने परत आणायची का. केंद्रचालक ‘होय’ दाबतो, आणि सकाळपासून येऊन गेलेल्या खातेदारांची पाने एकामागून एक पडद्यावर हजर होतात, त्यातल्या तिसऱ्या पानाकडे बोट दाखवून बाकावरचा एक जण म्हणतो, “हे आमच्या साडूचं हाय. कितीक आलं त्याले विम्याचं?”